दुर्बिणीतून वजनाचं ऑपरेशन : आर्णीकडच्या एका बाईचा चौदा महिन्यांचा हिशेब

खडूफळा | सोमवार, रात्री 10.40

गावात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की बाईंनी दुर्बिणीचं ऑपरेशन केलं. आमच्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एकच, दोन लेकरांनंतर शिबिरात होतं ते. त्यामुळे शेजारच्या मावशींचा हिशेबच लागेना. हिचा धाकटा नववीत गेला, आता कायले केलं असंन? मी समजावत बसले नाही. इथे मात्र सविस्तर लिहिते, कारण मागच्या वर्षी मी हीच माहिती शोधत होते आणि मराठीत सापडलं ते सगळं जाहिरातीसारखं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव आर्णी तालुक्यात, नवऱ्याचं गावातच किराणा दुकान. वय 39, उंची पाच फूट एक इंच, ऑपरेशनच्या दिवशी वजन 108. नऊ वर्षांची शुगर, दोन वेळचं इन्सुलिन, तरी साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 9.8. रात्री इतकी घोरायची की सासूबाई मधल्या खोलीतून ओसरीवर झोपायला गेल्या.

ठरलं ते शाळेतच. परिपाठाला मी पोरांसोबत सतरंजीवर बसते. उठताना बेंच धरावा लागायचा. पहिलीच्या पोरांनी त्याचा खेळ केला होता. परिपाठ संपला की दोघं उजवीकडून, दोघं डावीकडून हात द्यायला तयार, आणि बाकीचे मोजायचे, एक, दोन, तीन, बाई उठल्या! त्यांना गंमत वाटायची. मलाही वाटायची म्हणा, पण एक दिवस केंद्रप्रमुख दारात उभे होते आणि पोरांनी नेमकं सातपर्यंत मोजलं.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. डब्यातली पावडर (महिन्याला चार हजार, विकणारी माझीच मैत्रीण), पोटाला बांधायचा पट्टा, रात्रीचं जेवण बंद, गरम पाणी, सगळं झालं. दोनदा बारा-बारा किलो उतरवलं आणि दोन्ही वेळा पंधरा-पंधरा परत आलं.

नागपूरला एका खाजगी दवाखान्यात झालं. तपासण्यांनाच तीन चकरा. रक्त, थायरॉइड, बी-12, लोह, इको, पोटाची सोनोग्राफी, तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहणं, आणि रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवलं. मी घाबरले, पण त्या मॅडमनी साधंच विचारलं, रागात खाता का, दुःखात खाता का, रिकामं वाटलं की खाता का? मी म्हटलं, पोरांच्या ताटातलं उरलेलं खाते. त्यांनी ते लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे वेगळं जेवण. भात, पोळी, साखर, तेल जवळजवळ बंद. दूध, ताक, प्रोटीनची पावडर आणि भाज्या. कारण असं सांगितलं की जाड माणसाच्या यकृतात चरबी असते, त्याचा डावा भाग जठरावर पडलेला असतो, तो आधी आकसला तर दुर्बिणीला जागा मिळते. सर्जन म्हणाले, "हे दोन आठवडे तुम्ही चोरून खाल्लं तर मला आत गेल्याबरोबर कळेल." या एका वाक्याने मी सरळ राहिले.

माझं मिनी बायपास झालं, म्हणजे जठराची लांबट नळी करून ती खालच्या आतड्याला जोडतात ते. पोटावर पाच छोटी छिद्रं, सगळ्यात मोठं बोटाच्या पेराएवढं. दुपारी बारा वाजता आत नेलं, अडीचला शुद्धीवर. दुखलं, पण पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. पोट फुगवायला आत वायू भरतात, त्याने खांद्यात कळ येते. दोन दिवसांत आपोआप गेली. संध्याकाळी सहाला नर्सबाईंनी उठवून चालवलं. मी म्हटलं उद्या चालते, तर त्या म्हणाल्या, "पायात रक्ताची गाठ झाली तर उद्याचं उद्या पाहू का?" पोटात इंजेक्शन, पायात घट्ट मोजे, आणि तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी माझी एकच गोळी उचलायची.

दुसऱ्या दिवशी पाणी. खोकल्याच्या औषधावर असतो ना तो छोटा प्लास्टिकचा कप, तो. 30 मिली. तो पंधरा मिनिटांत संपवायचा, घोट घोट. मी आयुष्यभर तांब्या वर धरून घटाघटा पाणी पिणारी बाई. त्या कपातला दुसरा घोट गेला आणि छातीच्या मधोमध एक गच्च जागा जाणवली, पोट भरल्याची. चमचाभर पाण्याने! मी कप खाली ठेवला आणि रडले. कशासाठी ते आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सुट्टी. गाडीने घरी येताना देवळी आणि यवतमाळला थांबून थांबून उतरून चालले, तशी ताकीदच होती.

आज चौदा महिने झाले. वजन 74. इन्सुलिन तिथेच दवाखान्यात बंद झालं, आता सकाळी एक गोळी, सरासरी 6.3. परिपाठानंतर पोरं अजूनही हात देतात, सवय म्हणून.

घरी वजनाचा काटा नाही. दुकानात पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, शटर पाडल्यावर त्यावर उभी राहते. नवरा तुरीच्या कट्ट्याच्या वहीतच मागच्या पानावर आकडा लिहितो.

विचारा काय विचारायचं ते. जेवणाचं आणि गावाचं वेगळं लिहीन, ते मोठं प्रकरण आहे.

तर्रीबाज | सोमवार, रात्री 11.15

बाई, दंडवत. मी वणीकडचा, 46 वय, 131 किलो. आमच्या घरी विषय काढला त माय म्हणे, पोट कापून घेतं का रे, मंग खाशीन कशानं? बायको म्हणे, करून टाका. दोघींत मी फसून राहिलो. जेवणाचं लवकर लिहा.

सांजवात | मंगळवार, सकाळी 7.20

ताई, किती छान लिहिलंत. खर्च किती आला? विमा चालतो का? आणि केस गळतात म्हणतात ते खरं का? मुलीसाठी विचारतेय, 24 वर्षांची आहे.

खडूफळा | मंगळवार, सायंकाळी 5.50

सांजवात, मला सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास लागले, तपासण्या वेगळ्या. स्टेपलर (जठर कापून टाचायचं यंत्र) किती लागतात, खोली कोणती, यावर बिल फिरतं. आधी लेखी अंदाज मागून घ्या आणि "यात काय धरलेलं नाही" हाही प्रश्न विचारा.

विमा चालतो, पण अटींवर. विमा नियामकाच्या प्रमाणित नियमांत स्पष्ट आहे : वय 18 किंवा त्यावर, ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा त्यावर, किंवा 35 किंवा त्यावर आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपलेला पाहिजे. आमची फाइल पहिल्यांदा परत आली होती, कारण "आधीचे उपाय" यांचा कागदच नव्हता. आहारतज्ज्ञांच्या दोन जुन्या चिठ्ठ्या सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात सापडल्या म्हणून निभावलं. सगळे कागद जपून ठेवा बायांनो.

केस गळतात. चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीवर रोज मूठभर. मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर राहिला. आठव्या-नवव्या महिन्यापासून परत आले, कपाळावर बाळासारखे उभे.

टाके_वगैरे | मंगळवार, रात्री 11.55

ड्युटी संपवून लिहितोय, चुका पोटात घाला. मी सर्जरीचा विद्यार्थी, मूळ हिंगणघाटचा. खडूफळा यांनी अनुभव लिहिलाच आहे, मी यंत्रसामग्री सांगतो.

मुख्य ऑपरेशनं तीन. पहिलं स्लीव्ह : जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात, केळ्यासारखी नळी उरते. काढलेल्या भागात भुकेचा संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः तयार होतो, म्हणून भूकच कमी लागते. हे उलट फिरवता येत नाही. आणि ज्यांना आधीच जळजळ, आंबट पाणी वर येणं आहे त्यांची जळजळ यात वाढू शकते. दुसरं जुनं रू-एन-वाय बायपास : साधारण 30 मिलीची छोटी पिशवी वेगळी करून आतडं दोन ठिकाणी जोडतात. तिसरं मिनी बायपास, जे 1997 पासून केलं जातंय : लांबट नळी आणि एकच जोड, वरचं दीड-दोनशे सेंटीमीटर आतडं वळसा घालून. जुनी शुगर असेल तर साधारणपणे बायपासकडे कल असतो.

जठरात फुगा ठेवणं हा वेगळा प्रकार, ऑपरेशन नाही. नेहमीचा फुगा सहा महिन्यांनी काढतात, आणि काढल्यावर वजन परत येणं सर्रास. जठराभोवती पट्टा बसवणं आता जवळजवळ कुणी करत नाही.

कुणाला करायचं? 1991 पासून सगळीकडे बीएमआय 40, किंवा आजार असतील तर 35, असं चालत आलं. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदललं : 35 किंवा त्यावर आजार असो नसो, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच विचार करायला हरकत नाही. आपल्याकडे त्याच वजनात शुगर लवकर येते म्हणून. विम्याची अट मात्र अजून जुन्या आकड्यांवर आहे, हा घोळ लक्षात ठेवा. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. खडूफळा यांचा 45 येतो.

धोका? चांगल्या हातात जीव जाण्याचं प्रमाण हजारात एखादं, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. जोडातून किंवा स्टेपलच्या रेषेतून गळती शंभरात एखाद्याला. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते, म्हणजे माणूस गावी पोचल्यावर. म्हणून हे पाठ करा : नाडी 120 च्या वर, ताप, दम लागणं, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ. यातलं काहीही झालं तर गावात गॅसची गोळी घेऊन बसायचं नाही. रात्रीची गाडी करा आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे निघा, निघतानाच फोन करा.

बांधावरचा | बुधवार, सकाळी 6.05

वाचून नवल वाटलं. आमच्या आजोबांनी 82 व्या वर्षापर्यंत डवरणी केली, अंगावर चरबीचा तोळा नव्हता. शिक्षक लोक गाडीवर जातात, खुर्चीवर बसतात, मग साडेतीन लाख भरून पोट कापतात. पहाटे उठून वावरात जा, ज्वारीची भाकर खा, सहा महिन्यांत फरक पडेल. निसर्गानं दिलेलं जठर कापणं मला पटत नाही.

खडूफळा | बुधवार, रात्री 9.30

बांधावरचा भाऊ, माझी सासू रोज वावरात जाते. वजन 88, गुडघे गेलेले. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली असते, तरी. तुमच्या आजोबांना साखर, मैदा, पॅकेटचं तेल मिळत नव्हतं. आमच्याच दुकानातून रोज किती कुरकुऱ्यांच्या माळा जातात ते मी पाहते. आणि आम्ही दुकानवाले त्याच पैशावर जगतो, हेही कबूल.

चालणं मी बारा वर्षं केलं. 108 किलो घेऊन चाललं की गुडघा सुजतो, सुजला की बसावं लागतं, बसलं की वाढतं. आता रोज पाच किलोमीटर चालते, ते वजन उतरल्यावर जमलं. तुम्हाला पटू नये याचं दुःख नाही. जठर माझं होतं.

बांधावरचा | बुधवार, रात्री 9.48

सासूबाईंचं माहीत नव्हतं. राग मानू नका.

पैनगंगाकाठ | गुरुवार, दुपारी 2.10

हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. माझ्या मोठ्या भावाचं स्लीव्ह झालं, तीन वर्षांपूर्वी. 126 किलो होता. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांना दोष नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या सुरू झाल्या. आधी एखादी, मग जे घेईल ते बाहेर. घरच्यांना वाटलं नवीन पोट आहे, बसेल हळूहळू. वहिनी ताक देई, लिंबूपाणी देई. आठ-दहा दिवस असेच गेले. मग तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावली. आपल्याकडे सलाईन लागली की निम्मा आजार बरा, अशीच समजूत. रोज दोन बाटल्या ग्लुकोज, तीन दिवस. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, मला दोन-दोन दिसून राहिलं. दुपारी उठला तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात. संध्याकाळी मला ओळखेना. मला म्हणे, "गुरुजी, फी उद्या भरतो."

नागपूरला नेईपर्यंत रात्र झाली. तिथे कळलं, शरीरातला बी-1 जीवनसत्त्वाचा साठा संपला होता आणि त्यावर नुसतं ग्लुकोज चढवल्याने मेंदूवर परिणाम झाला. इंजेक्शनं दिली, ओळख परत आली, दोन दिसणं गेलं. पण चाल अजून सरळ नाही. बैलजोडी विकली. आता बसून हिशेब पाहतो आणि ताजी गोष्ट विसरतो, जुनी सगळी आठवते.

त्याच्या गोळ्या कपाटात न फोडलेल्या सापडल्या. "एवढ्याशा पोटात एवढ्या मोठ्या गोळ्या कुठं टाकू" म्हणायचा. पहिल्या महिन्याची तपासणीही चुकवली होती, सोयाबीन काढणीला आलं होतं म्हणून. मळणीयंत्राची पाळी एकदा गेली की आठ दिवस मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या वेळी मीच म्हटलं होतं, जाशील पुढच्या महिन्यात.

टाके_वगैरे | गुरुवार, रात्री 10.20

पैनगंगाकाठ, हे लिहिल्याबद्दल आभार. माझ्या वरच्या लांबलचक पोस्टपेक्षा याचा उपयोग जास्त.

सगळ्यांसाठी : ऑपरेशननंतर उलट्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकल्या तर ती नवीन पोटाची सवय नव्हे. कधी नळी अरुंद झालेली असते, दुर्बिणीतून फुग्याने रुंद करता येते. बी-1 म्हणजे थायमिनचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सलाईन लावणाऱ्याला हात जोडून सांगा, "वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या." हे इंजेक्शन महाग नाही, दुर्मीळही नाही. डॉक्टर चांगला असला तरी ऑपरेशनचं त्याला सांगितलंच नाही तर त्याच्या मनात येणार कसं?

खडूफळा | गुरुवार, रात्री 10.45

पैनगंगाकाठ, वाचून हात थांबला. भावाला नमस्कार सांगा.

माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, चिकटपट्टीने मढवलेली, मुलांच्या ओळखपत्रासारखी. त्यावर मराठीत : बायपास झाला आहे. डायक्लोफिनॅक, ब्रूफेन किंवा तशी दुखण्याची गोळी-इंजेक्शन देऊ नये (जोडावर अल्सर होतो). उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन. खाली दोन फोन नंबर. आता दुसरी ओळ लाल पेनाने गिरवते. गुडघ्यासाठी इंजेक्शन मारून घ्यायची आपल्याकडे किती सवय आहे ते सांगायला नकोच.

तर्रीबाज | शुक्रवार, सकाळी 8.30

हे वाचून रात्री झोप नाही आली बाप्पा. पण शुगर 300 हाय, तशीबी झोप येत नाही. एक विचारतो, हसू नका. खर्रा चालते का? दिवसाच्या सहा-सात पुड्या होतात. जेवण बंद केलं त चालन, खर्रा कसा सोडू?

टाके_वगैरे | शुक्रवार, दुपारी 3.15

हसत नाही भाऊ, आमच्या वॉर्डात निम्मे हेच विचारतात. चालत नाही. खर्ऱ्यातल्या तंबाखूने जखम उशिरा भरते, बायपासच्या जोडावर अल्सर होतो, रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. बहुतेक सर्जन निदान सहा आठवडे आधी बंद करायला लावतात आणि नंतर कायमचं. दारूचंही सांगून ठेवतो : बायपासनंतर ती पटकन चढते आणि उतरायला वेळ लागतो. पूर्वी तीन पेग पचवणारा एकात आडवा होतो, आणि काहींना नंतर तीच लत लागते.

सांजवात | शुक्रवार, सायंकाळी 6.40

मुलीचं लग्न ठरायचंय. ऑपरेशननंतर मूलबाळ होताना अडचण येते का?

टाके_वगैरे | शुक्रवार, रात्री 11.30

उलट पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल तर वजन उतरल्यावर दिवस लवकर राहतात, अनपेक्षितही. पण 12 ते 18 महिने थांबायचं, कारण त्या काळात शरीर झपाट्याने उतरत असतं आणि बाळाला पुरेल एवढं अंगात नसतं. बायपासनंतर तोंडाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर अवलंबून राहू नका, दुसरा उपाय विचारा. 24 व्या वर्षी करायचं तर गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत, हे तिला स्वतःला कळलेलं असू द्या.

खडूफळा | शनिवार, रात्री 9.10

आता जेवणाचं.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. नारळपाणी, ताकाची निवळी, वरणाचं वरचं पाणी, दूध, पावडर. दिवसभर कप हातात. मग दोन आठवडे घोटलेलं : मुगाचं वरण, दही, मऊ पपई. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंडं, पनीर, शिजवलेली लौकी. भाकर मला दोन महिन्यांनी मिळाली, तीही वरणात मुरवून, चतकोर. नियम थोडेच आहेत पण कडक : आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकर. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. मिरचीचा ठेचा खाऊन पाणी न पिणं काय असतं ते विदर्भातल्या माणसालाच कळेल.

रोज 60 ग्रॅमच्या वर प्रोटीन लागतं. पहिले सहा महिने मी नागपूरहून पावडरचे डबे आणले. मग एक दिवस दुकानात बसले असताना समोर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसली. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. आम्ही ते पोत्यांनी पिकवतो, तेलवाल्याला विकतो, आणि त्याच पैशातून डबे विकत आणतो. आता रात्री मूठभर भिजत घालते, उकडून साल काढून, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू टाकून चटणी करते. दुकानातल्या सोयावड्यांतून त्याहूनही जास्त मिळतं. सासूबाई म्हणतात, ढोराचं खाद्य. म्हणू दे.

पोटापेक्षा जड जातं ते गाव. पोटाला कळतं कधी थांबायचं. मला घास जास्त झाला की एक उचकी येते, ती आली की ताट सरकवायचं. पण पंगतीत वाढणाऱ्या बाईला उचकी ऐकू येत नाही. "घ्या ना वो बाई, एक तरी घ्या, माया हातचं गोड नाही लागत का?" पानात टाकून मोकळी. न खाल्लं तर अन्नाचा अपमान, खाल्लं तर मी मागच्या दाराने उलटी करायला. पोळ्याला जावेच्या आग्रहाखातर अर्धी पुरणपोळी तुपासह खाल्ली. वीस मिनिटांत घाम, छाती धडधडते, हातपाय गळाले, पोटात मुरडा. याला डम्पिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरलं की होतं. तासभर आडवी पडून होते, बाहेर बैल मिरवून आले तरी मला उठवेना.

सहाव्या महिन्यात गावात उठलं की बाईला मोठा आजार झाला. चेहरा उतरला होता, गळ्याची कातडी लोंबत होती (दंडाची अजून लोंबते, ती जात नाही, तिला वेगळं ऑपरेशन लागतं). एक मावशी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पोरांकडं पाहून धीर धर बाप्पा." त्याने दोन दिवस मला सांगितलं नाही.

आता मी ताट स्वतः वाढून घेते, छोट्या वाटीत, आणि खरकटं नसलेलं पान उलटं करून ठेवते. लोकांना वाटतं उपवास आहे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळे उपवास मी गावाच्या डोळ्यांपुरते धरलेत. साबुदाण्याचे खरे उपवास मात्र बंद, त्यात नुसती पिठी आणि तेल.

गोळ्या : रोज मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम आणि ड, महिन्याला बी-12 चं इंजेक्शन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. पहिले सहा महिने पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणूनही एक गोळी होती, वजन भराभर उतरताना खडे होतात. रक्त दर तीन महिन्यांनी, आता सहा महिन्यांनी. यवतमाळला नमुना देते आणि अहवाल फोनवर नागपूरला पाठवते. प्रत्यक्ष चकरा वर्षात चार झाल्या, प्रत्येकीला शाळेची एक रजा.

आणि हो, गेल्या दोन महिन्यांत वजन एक किलो वाढलंय. शेवचिवडा. दुकानच घरात असल्यावर काय करणार.

आठवा_मैल | रविवार, सकाळी 10.00

आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत ना, मौंजारो आणि वेगोवी? मग चिरफाड कशाला?

टाके_वगैरे | रविवार, दुपारी 1.25

दोन्ही 2025 मध्ये भारतात आली, आणि खरंच काम करतात. आठवड्याला एक सुई. पण बंद केली की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, म्हणजे ती लांबवर चालू ठेवायची तयारी हवी, आणि घरी फ्रिज व वीज धड हवी. बीएमआय 30-32 असेल तर आधी त्यांचा विचार जरूर करा. 45 ला आणि दहा वर्षांच्या शुगरला ऑपरेशनचा परिणाम अजून तरी जास्त टिकतो. काही जण दोन्ही वापरतात. गावातल्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून टोचू नका, एवढं पाळा.

तर्रीबाज | पुढचा मंगळवार, रात्री 9.20

नागपूरले जाऊन आलो. जळजळ हाय म्हणून स्लीव्ह नको म्हणे, बायपास सांगितला. पहिले खर्रा बंद, मंग तारीख. आज पाचवा दिवस. डोकं भणभणते, बायकोवर दोनदा ओरडलो, सुपारीबी तोंडात नाही. पानठेल्यावाला विचारते, भाऊ नाराज हाय का? त्याचे महिन्याचे दीड हजार बुडाले ना.

पैनगंगाकाठ | मंगळवार, रात्री 9.35

भाऊ, तारीख पेरणी-काढणी पाहून घ्या. पहिल्या महिन्याची चक्कर चुकायला नको.

तर्रीबाज | मंगळवार, रात्री 9.41

होय. माघात घेतो, तूर निघून जाते तोवर. खडूफळा बाई, ते चिठ्ठीवालं लिहून पाठवा ना, जसंच्या तसं. माया अक्षर मलेच वाचता येत नाही.

खडूफळा | मंगळवार, रात्री 9.58

उद्या मधल्या सुट्टीत फळ्यावर लिहून फोटो टाकते. लाल खडू संपलाय, पिवळा चालेल ना?